बांधावरची भाकर

हैदराबाद,
१२ ऑगस्ट १९८७

प्रिय विमलआक्का,

मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. आईच्या पत्रात एक ओळ होती, की तू इचोड्याच्या घरातून मळ्यात राहायला गेलीस. एवढंच. का गेलीस, कधी गेलीस, काही नाही. तुझी सख्खी मावशी ती, पण पत्र लिहिताना तार करते आहे असे शब्द वाचवते.

माझं एम.ए. सुरू झालं. विषय तत्त्वज्ञान. बेल्लमपल्लीत दुकानावर गिऱ्हाईक विचारतात, "चंपतराव, पोरगी काय शिकून राह्यली?" तर बाबा म्हणतात, "मास्तरीण व्हायचंच काहीतरी." खाणीतून थकून आलेल्या माणसाला साखर तोलून देताना तत्त्वज्ञान कसं समजावू, म्हणतात. त्यांचंही खरं आहे.

सध्या आम्हाला अस्तित्ववाद शिकवताहेत. नाव अवघड, गोष्ट सोपी. असं बघ, सरकी पेरली की कापसाची पऱ्हाटीच येते. सरकीला आपण काय व्हायचं हे ठरवावं लागत नाही. माणसाचं तसं नसतं. माणूस आधी नुसता असतो. तो कोण, हे कुठं वर लिहून ठेवलेलं नाही. तो जे करत जातो, जे निवडत जातो, त्यातून तो घडतो. आणि काहीच निवडलं नाही, तर तीही त्याचीच निवड! हे ऐकल्यापासून मला चैन नाही. काल मेसमध्ये ताट घेऊन उभी होते, भात घ्यावा की पोळी, हे खरंच मी ठरवते आहे का, असा विचार करत. स्वयंपाकी म्हणाला, "अम्मा, जल्दी बोलो, पीछे लाइन है."

तू हसलीस का? हस आणि लिही. मळा कसा आहे? उत्तमभाऊजी कसे आहेत?

तुझी,
रेणू


इचोडा, मळ्यातून,
२ सप्टेंबर १९८७

प्रिय रेणूस,

तुही पत्रं सगळी भेटली. उत्तर द्याले जमलं नाई. राग नको मानू.

मी मळ्यात खुशाल हाये. झोपडीवर नवीन गवत टाकलं. एका बाजूनं ओढा, दुसऱ्या बाजूनं नागपूरचा रस्ता. टरका सारख्या चालू असते, म्हून एकटं वाटत नाई. सासूबाई सकाळी भाकर बांधावर ठेवून हाक मारते, मंग मी जाऊन घेते. हे बी संध्याकाळी येते. बांधाच्या तिकडून चार गोष्टी बोलते अन् जाते.

तुह्या सरकीचं वाचलं. दोनदा वाचलं. आमी मळ्यात सरकी नाई लावत, वांगे अन् टमाटे लावतो, पण समजलं. एक गोष्ट सांग. बी चांगलं असलं, अन् त्याले कीड लागली, तं तुह्या पुस्तकात त्याचं काय लिव्हलं हाये? अन् माणसानं आपलं आपण ठरवा म्हणते, तं लोकं काय करते मंग? लोकंच तं ठरवते ना, ही कोण म्हून. सारे मिळून एक बोलले, तं माह्या एकटीच्या ठरवण्याले कोण विचारते?

लिव्हाले हात लवकर दमते आजकाल. अक्षर वाकडं आलं असन, समजून घेजो.

विमल


हैदराबाद,
१ ऑक्टोबर १९८७

प्रिय आक्का,

तर सासूबाईंशी बिनसलं आहे! भाकर बांधावर, बोलणं बांधावर. मथुराबाईंचा स्वभाव मी तुझ्या लग्नातच पाहिला होता, पंगतीत मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी आमच्या आईला सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

पण आक्का, खरं सांगू? मला तुझा हेवा वाटला. ओढा, झोपडी, कुणाची कटकट नाही. आमचे सर म्हणतात, माणसाला सगळ्यात जास्त बांधून ठेवते ती दुसऱ्यांची नजर. ते आपल्याला जसं पाहतात तसे आपण होत जातो. तू तर त्या नजरेतून सुटलीस. एवढा एकांत मिळाला असता तर मी काय काय वाचलं असतं!

माझं ठरलं. दिवाळीला बेल्लमपल्लीला न जाता आधी तुझ्याकडे येते. चार दिवस झोपडीत राहू. एका ताटात खाऊ, लहानपणी खायचो तसं. तुझ्या कीड लागलेल्या बियाचं उत्तर मी तेव्हा देते, सरांना विचारून ठेवते.

तुझी,
रेणू


इचोडा,
९ ऑक्टोबर १९८७

रेणू,

येऊ नको.

मले रगतपिती झाली. तुमी शहरात महारोग म्हणता तो.

उन्हाळ्यात भाकरी टाकून राह्यली होती. तवा चुलीवरून उतरवला. सासूबाई एकदम ओरडली, "अवं हात! हात जळून राह्यला ना तुहा!" मी पाह्यलं तं बोटाची कातडी तव्याले चिकटली होती, अन् मले काईच समजलं नाई. दुखलंच नाई. मले हासू आलं. मी हासली म्हून ती जास्त भेली. मंग आदिलाबादले नेलं. डॉक्टरनं पाठीवरचा चट्टा पाह्यला, पीस फिरवलं, सुईनं टोचलं, कागदावर लिव्हून देल्लं. गोळ्या देल्ल्या होत्या थोड्या, त्या सरल्या. दुसऱ्या खेपेले न्याले कोणी निंगालं नाई. घरात बोलणं झालं, मी भिताडाच्या इकडून ऐकत होती. नणंदेचं लग्न कराचं हाये, घरात असं माणूस कसं ठेवा. मंग मळा.

तू म्हणते मी नजरेतून सुटली. मी नजरेतून सुटली नाई रेणू, मी नजरेनंच इथं आली. एकांत पाह्यजे असन तं ये अन् घेऊन जाय. एका ताटात खाण्याचं सोड, माह्या लोट्यातलं पाणी कोणी पेत नाई.

हे पत्र वाचून झालं का हात धुजो.

विमल


हैदराबाद,
२४ जानेवारी १९८८

आक्का,

मी हात धुतले. तुझं पत्र वाचलं, टेबलावर ठेवलं, आणि नळाखाली जाऊन साबणानं हात धुतले. धुताना कळलं आपण काय करतो आहोत, तरी थांबले नाही. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. काहीतरी शहाणं लिहायचं होतं आणि दर वेळी तो नळ आठवायचा. आता शहाणं काही सुचणार नाही हे कळलं, म्हणून लिहिते आहे.

मागच्या आठवड्यात इथल्या मोठ्या दवाखान्यात गेले. कातडीच्या रोगांच्या डॉक्टरीणबाईंना भेटायला दुपारपर्यंत रांगेत थांबले. त्यांना वाटलं रोग मलाच आहे. मी तसं वाटू दिलं. एक क्षण त्या बाकावर बसून मी तू झाले होते आक्का, आणि शेजारची बाई हळूच सरकून बसली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते. हा जंतूंचा रोग आहे. पाप नाही, शाप नाही, कुणाची नजर नाही. आता नवीन गोळ्या आल्या आहेत, तीन औषधं मिळून. सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला लागायचा थांबतो. नेमानं घेतल्या तर रोग मुळापासून जातो. बोटांची गेलेली जाणीव सगळी परत येईलच असं नाही, पण बोटं शाबूत राहतात. गोळ्या सरकारी, फुकट. उटनूरच्या बाजूला कुष्ठरोगाचे कर्मचारी फिरतात, दवाखान्यात नाव सांगितलं की ते घरी येतात.

आता तुझ्या कीड लागलेल्या बियाचं. सरांना विचारलं, नाव न सांगता.  ते म्हणाले, कीड कुणी निवडत नाही. रोग, जन्म, घर, गाव, हे माणसाच्या अंगावर येऊन पडतं. पण येऊन पडल्यावर पुढं काय करायचं, ते दुसऱ्या कुणालाही त्याच्यासाठी करता येत नाही. ती जागा त्याची एकट्याची. तिथं त्याच्यावर कुणाची सत्ता चालत नाही.

मी म्हटलं, सर, त्या माणसाला आशा कशी द्यायची? ते म्हणाले, देता येत नाही. त्यानं सकाळी उठून काहीतरी केलं की ती तिथंच असते.

आक्का, तुला हे कोरडं वाटेल. मलाही वाटलं. पण यापेक्षा खरं माझ्याजवळ काही नाही. मी लगेच तुझ्याकडे येईन असं म्हणत नाही, कारण मला अजून भीती वाटते, आणि तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. तू उटनूरला जा. कुणाची वाट पाहू नको.

रेणू


इचोडा, मळा,
१८ मे १९८८

प्रिय रेणू,

तुह्या पत्रावर मले पयले लई राग आला. मी म्हणलं, हे पुस्तकं लिव्हणारे कोण हायेत, त्याहिले कधी रगतपिती झाली होती का? बांधावरची भाकर त्याहिनं कधी खाल्ली का? बसल्या जागी म्हणते, तुह्यावर कोणाची सत्ता नाई! चुलीत घालाले पत्र हातात घेतलं होतं.

घातलं नाई. तुनं हात धुतल्याचं लिव्हलं, म्हून. दुसरं कोणी असतं तं लिव्हलं नसतं. मी म्हणलं, ही खरं बोलून राह्यली, तं बाकीचं बी खरं असन.

मंग मी विचार केला, यांनी मले मळ्यात ठेवलं ते ठेवलं, पण मळ्याच्या बाहेर जाऊ नको असं कोणी बोललं होतं का? कोणीच नाई. मीच जात नव्हती. हे मले त्या दिवशी समजलं, अन् मले कसंतरीच झालं. सकाळी लुगडं नेसली, पदर घेतला अन् रस्त्यावर जाऊन उभी राह्यली. बस थांबली. कंडक्टर तेलुगूत म्हणे, "एक्कडिकी?" म्हणजे कुठं. मी म्हणलं, उटनूर. लग्न झाल्यापासून एकटी कुठं गेली नव्हती मी. खिडकीजवळ बसली. जंगल पाहत गेली. मोहाचे झाडं फुलले होते.

आता देवाजी म्हून दवाखान्याचा माणूस महिन्यातून एकदा सायकलीवर येते. त्या दिवशीच्या गोळ्या त्याच्यापुढं गिळा लागते, बाकीच्या पाकिटात देऊन जाते. पयल्या खेपेले आला तं उन्हानं लाल झाला होता. म्हणे, "बाई, पाणी द्या." मी म्हणलं, "दादा, लोटा माहा हाये." तो म्हणे, "मंग काय लोट्याले बी गोळ्या सुरू करू?" अन् घटाघटा पेला. रेणू, तो गेल्यावर मी ओढ्यावर जाऊन रडली. बरी होईन का नाई, ते मले तवा माहीत नव्हतं. पण माणसानं पाणी पेलं होतं.

गोळ्यांनी लघवी लाल होते अन् अंग काळं पडून राह्यलं. सासूबाईनं बांधावरून पाह्यलं, म्हणे, "अवं, तू तं आणखी खराब झाली." मी म्हणलं, "औषध लागू झालं, म्हून काळी झाली." ती उभी राह्यली जराशी, मंग गेली.

झोपडीमागचा पडीत तुकडा मी खोदून राह्यली. हाताले फडकं बांधते, देवाजीनं सांगतलं तसं, काटा लागला तं समजत नाई ना. संध्याकाळी सगळे बोटं एक एक करून पाहते. वांगे लावले. ह्यांनी विचारलं, "कोणासाठी लावून राह्यली?" मी म्हणलं, "अजून ठरवलं नाई."

तुह्या सराले नमस्कार सांग. म्हणा, कोरडं होतं, पण भिजवून खाल्लं.

तुही,
विमलआक्का


बेल्लमपल्ली,
१९ नोव्हेंबर १९८९

प्रिय आक्का,

निकालाचं तुला कळवलंच होतं. आता घरी येऊन राहिले आहे. किनवटच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला माणूस पाहिजे आहे असं सरांनी कळवलं, अर्ज आणून ठेवला आहे, भरलेला नाही. दिवस दुकानाच्या माडीवर जातात. खाणीची शिट्टी झाली की रस्ता माणसांनी भरतो, पुन्हा रिकामा होतो.

एक बातमी. माझं लग्न ठरत आलं आहे. अमृतराव नाव, नागपूरला इंजिनिअर आहेत. घराणं चांगलं, बाबा फार खूश आहेत. माघात साखरपुडा. मी पाहिलं त्यांना, सभ्य वाटले. माझं काय, मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

तुला लग्नाला बोलवायची फार इच्छा आहे. पण प्रवास लांबचा, तुझं औषध चालू. तुला दगदग होईल. तेव्हा तू त्रास घेऊ नको. लग्न झाल्यावर मीच सवडीनं येऊन भेटेन.

वांग्यांचं कळव. तुझ्या तब्येतीला जप.

रेणू


इचोडा, मळा,
६ जानेवारी १९९०

प्रिय रेणू,

आधी माही बातमी. मी बरी झाली. तपासणी केली, चट्ट्यावरची सूज गेली, जंतू नाई. देवाजीनं गोळ्या बंद केल्या अन् माहा हात हातात घेऊन हालवला, सायबाचा हालवते तसा. म्हणे, "विमलबाई, तुमी सुटल्या." डाव्या हाताचे दोन बोटं वाकडे राह्यले अन् त्याहिले काई समजत नाई. बाकी मी पूर्ण हाये.

हे आले संध्याकाळी. मी म्हणलं, "बरी झाली मी." डोळे भरले त्यायचे. बांधावर पाय ठेवला, अन् ठेवलेला पाय काढून घेतला. म्हणे, "मायले विचारतो." सासूबाईचा निरोप आला, का बरी झाली ते चांगलंच झालं, पण लोकाहिले पटेपरेंत एखादं साल थांबा. मी पयले म्हणलं, ठीक हाये. मंग दिवसभर निंदत बसली अन् माह्या ध्यानात आलं, का एखादं साल झालं का अजून एक म्हणतीन. लोकाहिले आपोआप कसं पटन? मी इथं झोपडीत बसली तं सारे म्हणतीन, बसली म्हणजे हाये काईतरी. मी जे करीन त्यावरूनच ते पाहतीन ना. म्हून मी ठरवलं, येत्या बाजाराले टोपली घेऊन जाते. माही वांगी, माहा टमाटा, मीच इकीन. अन् कोणी विचारलं तं लपवणार नाई. लपवून इकलं तं बाजारात बसूनबी मी झोपडीतच राह्यली.

आता तुही बातमी. तुहं पत्र मी समजली. दगदग होईन म्हून येऊ नको, असं तू कधी बोलत नव्हती. तुनंच लिव्हलं होतं खोटं बोलणार नाई म्हून. मावशीले अन् काकाले माह्यामुळं लग्न मोडाचं भेव वाटत असन, तं वाटू दे. त्याहिचा मले राग नाई. मी येणार नाई, तू बिनघोर राहा.

पण एक विचारते. "नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं" असं तुनं लिव्हलं. हो म्हणण्यासारखं काय होतं? ते लिव्हलं नाई. भात का पोळी याच्यासाठी तू मेसात लाइन थांबवली होती ना? इथं काऊन थांबून राह्यली नाई? काई निवडलं नाई तं ते बी निवडणंच असते, हे मले कोणी सांगतलं? मी तेवढ्या एका गोष्टीवर उटनूरची बस धरली. ते जर खोटं असन तं तसं कळव.

तुही आक्का


बेल्लमपल्ली,
१४ फेब्रुवारी १९९०

प्रिय आक्का,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग साखरपुड्याचा दिवस आला.

नागपूरची मंडळी सकाळच्या गाडीनं आली. माडीवर सतरंज्या, हार, सगळं. अमृतरावांच्या मावशी पानसुपारी घेता घेता म्हणाल्या, "घराण्यात काही दुखणंबिखणं नाही ना? विचारलेलं बरं असतं, राग मानू नका." बाबा म्हणाले, "छे छे! देवाची कृपा आहे. आमच्यात तसलं काही नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आक्का, मला वाटलं होतं अशा वेळी माणसाच्या आत मोठा आवाज होत असेल. तसं काही झालं नाही. फार शांत वाटलं. ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "माझ्या मावसबहिणीला कुष्ठरोग झाला होता. तिचं नाव विमल. इचोड्याला असते. औषध घेऊन ती पूर्ण बरी झाली. लग्नाला ती येईल. पहिल्या पंगतीला माझ्याशेजारी बसेल."

आईनं तोंडाला पदर लावला. बाबा म्हणाले, "रेणुका, आत जा." मी म्हटलं, "जाते बाबा. पण ते खोटं ऐकून गेले असते."

अमृतराव वाईट माणूस नव्हेत. ते माझ्याकडे पाहत राहिले, काही बोलायला तोंडही उघडलं. मावशींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग ते म्हणाले, "घरी जाऊन कळवतो." परवा पत्र आलं. नकार. भाषा फार गोड.

बाबा बोलत नाहीत माझ्याशी. आई रडते, पण काल रडता रडता विचारलं, "विमलची बोटं फार वाकडी झाली का गं?" तू आजारी पडल्यापासून तिनं पहिल्यांदा तुझ्याबद्दल विचारलं. मी तिला तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली. तव्याच्या ठिकाणी ती उठून गेली आणि परत येऊन म्हणाली, "वाच पुढं."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. लोक येऊन सांत्वन करून जातात, मी मान हलवते, आणि आत मला गावभर पळत सुटावंसं वाटतं. एवढी वर्षं मी निवडीवर निबंध लिहिले, बक्षिसं घेतली. निवडलं ते त्या दिवशी. भीती होती, अजूनही आहे; पुढं काय, मला माहीत नाही. पण जे होईल त्यात मी असेन.

किनवटचा अर्ज भरून टाकला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, नाही आक्का, ते खोटं नव्हतं.

बाजाराचं काय झालं? लवकर लिही.

तुझी,
रेणू


इचोडा,
२० एप्रिल १९९०

प्रिय रेणू,

तुह्या पत्रानं मी मळ्यात एकटी नाचली. खरंच नाचली. रस्त्यावर टरकवाल्यानं पाह्यलं, भोंगा वाजवला, तरी थांबली नाई. अन् मावशीचं कार्ड आलं, तुले किनवटची नोकरी लागली म्हून. तिनं चक्क पानभर लिव्हलं. खाली काकाची सही होती. नुसती सहीच, पण होती.

आता बाजाराचं ऐक.

पयल्या बाजारी मी भागाबाईच्या बाजूले बसली. ती जुनी माळीण, तिचं नेहमीचं ठिकाण. तिनं मले पाह्यलं, आपलं पोतं उचललं अन् सरकून बसली. लोकं यायचे, वांगे पाहायचे, मंग माह्याकडं पाहायचे अन् निंगून जायचे. कोणी काई वाईट बोललं नाई. वाईट बोलले असते तं बरं वाटलं असतं. एक वांगं नाई इकलं. सारं घरी आणलं.

दुसऱ्या बाजारी बी तेच. एक परगावचा माणूस घेऊन गेला, पण कोणीतरी त्याच्या कानात सांगतलं. तो परत आला अन् टमाटे माह्या टोपलीत ठेवून गेला. पैसेही मांगितले नाई. रेणू, त्या दिवशी माहा जीव मोडला. वाटलं, मळा बरा होता, तिथं कोणी काई परत करत नव्हतं. रस्त्यानं येताना मी सारा विचार केला. कोणी घेईन याची हमी नाई. पुढच्या बाजारी घेईन याची बी नाई. मंग मी स्वतःले इचारलं, हमी नसली तं काय करते विमल? अन् उत्तर आलं, बाजाराले जाते.

तिसऱ्या बाजारी मी बसलीच नाई. उभी राह्यली. फडकं सोडलं, हात वर केला, वाकडे बोटं साऱ्याहिले दिसतीन असा. अन् मोठ्यानं म्हणलं, "ऐका! मी उत्तमरावची बायको विमल. मले रगतपिती झाली होती. तुमाले सारं माहीत हाये, तुमी कानात बोलता, मी तोंडानं बोलून राह्यली. मी औषध घेतलं अन् बरी झाली. हे वांगे मी माह्या हातानं लावले. घ्याचे तं घ्या, नाई तं नका घेऊ. पण मी आता दर बाजाराले इथं बसणार हाये. मले पाहाची सवय करून घ्या."

 मिरचीवाल्याचा तराजू तसाच हातात राह्यला. 

तेवढ्यात जयवंताबाई आली. तू तिले ओळखत नाई. अख्ख्या इचोड्यात भाव करण्यात तिचा हात कोणी धरत नाई, दुकानदार तिले पाहून आत जाते. तिनं वांगं उचललं, दाबून पाह्यलं, म्हणे, "भाव काय?" मी सांगतला. ती भडकली, "काऊन? तिकडं भागा कमीनं देऊन राह्यली. रोग झाला तं झाला, भाव काऊन वाढवला?"

मी म्हणलं, "मावशी, भागाबाईचं वांगं पाहा अन् माहं पाहा!"

"पाह्यलं! दोनीले काटेच हायेत. कमी कर."

"नाई होत."

"मंग ठेव तुह्याजवळ!" असं म्हणून गेली, चार पावलं चालली, अन् परत आली. रेणू, ती परत आली! आमी दोघी भांडलो, तोंडाले तोंड देऊन, जसं माणसं भांडते. माह्यासंगं कोणी भाव करून राह्यलं होतं. मले इतकं हासू येत होतं का तोंडावर पदर धरा लागला. शेवटी मी जरासं कमी केलं, तिनं एक वांगं वरून उचलून पिशवीत टाकलं, अन् म्हणे, "पुढच्या खेपेले लहान आण, मोठ्यात बिया असते."

तिच्या मागं आणखी एक आली. मंग दोन पोरी. उन्हं उतरेपरेंत टोपली रिकामी झाली. भागाबाईचं पोतं बी जाग्यावर परत आलं.

घरी कळलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर हाक आली नाई. मी म्हणलं, आता भाकर बी बंद झाली. अन् पाहते तं सासूबाई बांध उतरून इकडं येऊन राह्यली. लुगडं सावरत, धापा टाकत. झोपडीच्या दाराशी बसली.  मंग म्हणे, "जयवंता घरी येऊन सांगून गेली, तुही सून लई तोंडाळ झाली म्हून." मी म्हणलं, "झाली." ती म्हणे, "माहंच चुकलं असं मी म्हणणार नाई. लेकीचं लग्न होतं." मी म्हणलं, "नका म्हणू." मंग तिनं फडक्यातली भाकर काढली, मोडली, एक तुकडा मले देल्ला अन् दुसरा स्वतः खाल्ला. मी चुलीवरचं भरीत वाढलं. तिनं बोटं चाटून खाल्लं. मीठ कमी हाये म्हणे.

घरी चाल म्हणते. मी म्हणलं, येईन सणावाराले, पण मी आता मळ्यात राहीन. हा तुकडा मी खोदला, माहा जीव इथं लागला. ह्यांनी ऐकलं अन् संध्याकाळी आपलं अंथरूण घेऊन आले.   सध्या दोघं मिळून मातीच्या भिताडाचं घर बांधून राह्यलो.

अन् मागच्या बाजारची गोष्ट सांगाचीच राह्यली. एक तरणी बाई आली, उटनूरकडच्या गावातली असन. टमाटे घेतले, पैसे देल्ले, पण जाईच ना. एक हात पदराखाली. बाकी गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणे, "आक्का, तुमी त्या दिवशी बोलल्या ते मी ऐकलं. माह्या हाताले बी मच्चा हाये, असाच चट्टा. तिथं समजत नाई. मी कोणाले दाखवला नाई." 

मी टोपली भागाबाईच्या हवाली केली. म्हणलं, "मावशी, इकडं पाहा जरासं." भागाबाई म्हणे, "जाय, मी पाहते." मी त्या पोरीचा पदराखालचा हात काढला, तोच, चट्ट्याचा, अन् माह्या हातात धरला. बाजाराच्या दिवशी देवाजी जिथं गोळ्या देत बसते, तिथं भर बाजारातून तिले घेऊन गेली. लोकं पाहत होते. पाहू देल्लं. ती विचारे, "आक्का, मी बरी होईन ना?" मी तिले खोटं सांगतलं नाई. म्हणलं, "गोळ्या तू घेजो, रोग जाईन. बाकी आपण करू ते होईन." तिनं माहा हात लई घट्ट धरला. वाकड्या बोटाहिले काई समजत नाई म्हणते डॉक्टर. मले समजलं.

तू किनवटहून येशीन तं बाजाराच्या दिवशी ये. मळ्यात शोधू नको. मी बाजारात असन.

तुही,
विमलआक्का